ऑनलाइन गेममधला आपला गट फितुरीपासून कसा वाचवावा

फेब्रुवारी २००९ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळयुद्धाच्या गेममधली 'बँड ऑफ ब्रदर्स' ही बलाढ्य युती मोडली, तीही लढाईत न हरता. ईव्हमध्ये खेळाडूंच्या गटाला कॉर्पोरेशन म्हणतात आणि अशा गटांची मिळून युती होते. युतीचा कारभार पाहणाऱ्या कॉर्पोरेशनमधला एक डायरेक्टर, म्हणजे प्रमुखाखालचा मोठा अधिकारी, शत्रूला, म्हणजे गूनस्वॉर्म या युतीला, जाऊन मिळाला. युती बंद करण्याचा अधिकार त्याच्या अकाउंटला होता आणि त्याने तो वापरला. शत्रूने ते नावही लगेच आपल्याकडे नोंदवून घेतलं. प्रदेशावरचा ताबा युतीच्या नावावर होता, तोही गेला.

माणसांनी वर्षानुवर्षं रात्री जागून उभं केलेलं काही असं जातं, तेव्हा "गेमच तर आहे" हे म्हणणं मला पटत नाही. त्यात ईव्हमध्ये गेमच्या आतली चोरी आणि हेरगिरी नियमाला धरून आहे. तक्रार करून लुटलेला माल परत मिळत नाही. म्हणून बंदोबस्त आधीच करायचा.

१. आधी अधिकारांची यादी करा. सदस्यांना काढून कोण टाकू शकतं, गटाच्या तिजोरीतून कोण उचलू शकतं, गट बंद कोण करू शकतं, हे नावानिशी लिहून काढा. यात डिस्कॉर्डही, म्हणजे गट जिथे गप्पा मारतो ते ॲपही, धरा. तिथे 'ॲडमिनिस्ट्रेटर' ही एकच परवानगी असली की चॅनेलवर घातलेली सगळी बंधनं त्या माणसापुरती निकामी होतात. गेम सोडून गेलेल्या जुन्या मंडळींचे अधिकार तसेच राहिलेले असतात, ते त्याच दिवशी काढा.

२. अधिकार कामापुरतेच द्या. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ईव्हमध्ये कॉर्पोरेशनच्या गोदामाचे सात कप्पे असतात, पैशाचेही सात. कोणत्या कप्प्यात कोणी नुसतं पाहायचं आणि कुठून कोणी उचलायचं, हे वेगवेगळं ठरवता येतं. तरीही कंटाळा करून चांगल्या माणसाला थेट डायरेक्टर केलं जातं आणि जवळपास सगळं त्याच्या हाती जातं. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाइल गेममध्येही तेच दिसतं. मित्र रागावू नये म्हणून त्याला को-लीडर (उपप्रमुख) करतात, आणि को-लीडर एल्डर (त्याखालचं पद) व साध्या सदस्यांना बाहेर काढू शकतो. मान द्यायचा असेल तर डिस्कॉर्डवर वेगळ्या रंगाचं पद द्या, सभेत नाव घ्या. मानासाठी किल्ल्या देऊ नका.

३. नवा माणूस तपासा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. ईव्हमध्ये प्रत्येक पात्र आधी कोणकोणत्या कॉर्पोरेशनमध्ये होतं, ते कोणालाही पाहता येतं. ते पाहावंच. पण २००५ मध्ये 'गायडिंग हँड सोशल क्लब' या दुसऱ्या गटाची माणसं 'युबिक्वा सेराफ' या कॉर्पोरेशनमध्ये महिनोन्महिने राहिली, विश्वासाच्या पदांवर चढली आणि ठरल्या वेळी एकदम उलटली. गोदामं रिकामी झाली, प्रमुखाचं जहाज उडवलं गेलं. इतक्या संयमाच्या माणसाला कुठलीही मुलाखत पकडू शकत नाही. कितीही जुना सदस्य असला तरी दुसरी पायरी त्याला लागू ठेवा.

४. तिजोरी एकाच्या हाती नको, प्रमुखाच्याही नको. २०१० च्या सुरुवातीला गूनस्वॉर्मवरही तीच पाळी आली. त्यांच्याच प्रमुखाने माल लंपास केला आणि युती मोडून टाकली. म्हणून मोठा साठा दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा, आणि हिशेब प्रमुखाशिवाय आणखी एकाने तरी नियमित तपासावा. ज्या गेममध्ये गटाच्या बँकेची नोंदवही दिसते, तिथे ती सर्वांना खुली करा.

५. नाराजी वेळेत ऐका. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे इथेही खरं ठरतं. बँड ऑफ ब्रदर्स मोडणारा बाहेरून पेरलेला हेर नव्हता, आपल्याच गटाला कंटाळलेला जुना माणूस होता. रोज दिसणारा कोणी महिनाभर गप्प असेल, लुटीच्या वाटपावरून कुरबुर करत असेल, तर प्रमुखाने त्याच्याशी एकट्याने बोलावं. काही गट बातमी फोडणारा शोधायला एकच निरोप थोडे शब्द बदलून वेगवेगळ्या लोकांना देतात. मोठ्या युद्धात ते ठीक आहे. वीस जणांच्या गटात असा सापळा उघडा पडला तर प्रामाणिक माणसंही दुखावून निघून जातात, तेव्हा तिथे तो लावू नका.

६. दगा झालाच तर क्रम चुकवू नका. आधी अधिकार काढा. ईव्हमध्ये डायरेक्टरचं पद फक्त प्रमुखच काढू शकतो, म्हणून आणीबाणीत प्रमुखाला झोपेतून उठवायचं कसं, हे आधीच ठरलेलं असावं. मग उरलेला माल हलवा, पासवर्ड बदला. डिस्कॉर्डची ऑडिट नोंद, म्हणजे कोणी काय बदललं याची यादी, ४५ दिवसच राहते, तिचे स्क्रीनशॉट घ्या. नंतर सदस्यांना काय गेलं आणि काय उरलं ते स्पष्ट सांगा, अफवा पसरायच्या आधी.

आणि रागाच्या भरात दगाबाजाला खऱ्या आयुष्यातली धमकी कधीही देऊ नका. सप्टेंबर २०१७ मध्ये 'सर्कल ऑफ टू' युतीतल्या एका वरिष्ठाने मुख्य तळासकट सगळं विरोधकांच्या हवाली केलं. लुटल्या गेलेल्या प्रमुखाने चॅटमध्ये त्याला शारीरिक इजेची धमकी दिली. गेममधली लूट नियमात बसली, धमकी बसली नाही. त्या प्रमुखाच्या अकाउंटवर कायमची बंदी आली आणि सावरायच्या वेळी गटाजवळ त्यांचा नेता नव्हता.