सावलीतली ऑस्ट्रेलियन झाडं: या चुका टाळा

महाराष्ट्रात ऑस्ट्रेलियातली झाडं म्हणजे निलगिरी, सिल्व्हर ओक, बॉटलब्रश, ऑस्ट्रेलियन बाभूळ. सगळी उन्हात वाढणारी. त्यामुळे मेलबर्न-सिडनीत घर घेतलेल्या मंडळींची दोन टोकं दिसतात. ‘सावलीत इथली झाडं येतच नाहीत’ म्हणून कुणी कृत्रिम गवत अंथरतं, तर ‘इथलं आहे, कुठेही तगेल’ म्हणून कुणी ग्रेव्हिलियाचं झुडूप लावतं. ते उन्हाकडे लांबट वाढतं आणि फुलत नाही. खरं तर पूर्व किनाऱ्यावरची वर्षावनं, पूर्व व्हिक्टोरियातल्या गिप्सलँडच्या ओलसर घळी आणि निलगिरीच्या रानाचा खालचा थर इथली शेकडो झाडं मुळातच सावलीत वाढतात. नर्सरीत जाण्याआधी मात्र आपली सावली कुठल्या जातीची आहे ते कळायला हवं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सावली जूनमध्ये मोजणं

इथे सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून घराची दक्षिण बाजू सावलीची. हे लवकर अंगवळणी पडतं. पुढची गोष्ट पडत नाही. २१ जूनला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, भर दुपारी मेलबर्नचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर असतो, तेव्हा १.८ मीटरच्या कुंपणाची सावली सव्वातीन मीटर लांब पडते. ती पाहून ‘इथे ऊन येतच नाही’ असं ठरतं आणि नेचे लावले जातात. डिसेंबरात, म्हणजे उन्हाळ्यात, सूर्य नैर्ऋत्येला मावळतो. संध्याकाळी ५ नंतर तो पश्चिम ओलांडून दक्षिणेकडे सरकतो आणि साडेआठपर्यंत त्याच पट्ट्यावर तिरपा पडतो, तोही दिवसभर तापलेल्या हवेत. ४० अंशांच्या एका संध्याकाळीत नेच्याची पानं करपून तपकिरी होतात.

म्हणून डिसेंबरात संध्याकाळी ५ आणि ७ वाजता जागेचे फोटो काढून ठेवावेत. घाई असेल तर निदान नैर्ऋत्येला उंच भिंत किंवा झाड आहे का ते बघावं. ती बाजू उघडी असेल तर नेच्यांचा नाद सोडून कोरिया अल्बाचं झुडूप किंवा डायनेला रेव्होल्युटा, लोमॅन्ड्रा लाँगिफोलिया या गवतासारख्या झाडांकडे वळावं.

कोरड्या सावलीला ओली समजणं

ही चूक दर उन्हाळ्यात बघायला मिळते आणि सर्वांत महाग पडते. मागच्या अंगणात जुनं निलगिरीचं झाड असतं, खाली उघडी जमीन. मालक ऑक्टोबरात दहा-बारा नेचे आणि एखादा वृक्षनेचा (ट्री फर्न) आणतात. खणायला जावं तर सगळीकडे मुळं, म्हणून त्यावर वीस सेंटिमीटर विकतची माती पसरून तिच्यात रोपं बसवतात. नोव्हेंबरभर सगळं हिरवंगार. डिसेंबरपर्यंत निलगिरीची मुळं त्या नव्या, ओल्या, खतावलेल्या मातीत वर चढतात. जानेवारीत रोज पाणी घालूनही नेचे माना टाकतात. फेब्रुवारीत ते गेलेले असतात, आणि जुन्या मुळांना हवा न मिळाल्याने पुढच्या काही वर्षांत झाडाचा शेंडाही वाळू लागतो. नेच्यांचे पैसे गेले ते गेलेच, पन्नास वर्षांचं झाडही धोक्यात आलं.

निलगिरीची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात, आणि हलक्या सरीचं बरंचसं पाणी वर पानांतच अडतं. तिथे गारवा असतो, ओल नसते. माती पसरू नये. मुळं तोडू नयेत. मोठ्या कुंडीतली रोपं तर मुळीच आणू नयेत. सुमारे ५ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल नळीतली रोपं आणावीत, ज्याला इथे ट्यूबस्टॉक म्हणतात. ती स्वस्त असतात, मुळांच्या फटीत बसतात आणि दोन वर्षांत बहुतेक वेळा मोठ्या रोपांना गाठतात. लगेच भरगच्च दिसलं पाहिजे असा हट्ट असेल तर ही जागा त्यासाठी नाही.

एप्रिल-मेमध्ये, माती अजून कोमट असताना लावावं. खुरप्याने खड्डा करावा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर हातभर बाजूला सरकावं. खड्ड्यात अर्धी बादली पाणी ओतून जिरू द्यावं. पाणी थेंब-थेंब होऊन वरून ओघळलं, तर मातीने पाणी धरणं सोडलं आहे असं समजावं आणि आधी माती भिजवणारं द्रावण, म्हणजे वेटिंग एजंट, घालावं. नळी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून मग रोप लावावं. वर ५ ते ७ सेंटिमीटर जाडाभरडा मल्च, म्हणजे आच्छादन, घालावा, पण खोडापासून चार बोटं दूर. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, रोपाला ५ लिटर, सावकाश. रोज शिंपडलेलं पाणी फक्त निलगिरीलाच पोसतं.

अशा कोरड्या सावलीत कोरिया ग्लॅब्रा, कोरिया रिफ्लेक्सा, डायनेला, लोमॅन्ड्रा आणि हार्डनबर्जियाचा वेल चालतो. कडक दहिवर (गोठलेलं दव) न पडणाऱ्या जागी प्लेक्ट्रॅन्थस अर्जेन्टॅटस जरूर लावा. आपल्या पानओव्याचा हा भाऊबंद आहे, फांदी खोचली तरी लागतो, आणि त्याची रुपेरी पानं अंधारा कोपरा उजळवतात.

वृक्षनेचा न ओळखता घेणं

करवतीने कापलेला, मुळं नसलेला बुंधा पुन्हा रुजतो तो डिक्सोनिया अंटार्क्टिका या वृक्षनेच्याचा. सायाथिया कूपेराय हा दुसरा वृक्षनेचा तसा रुजत नाही, त्याला मुळांसकटच घ्यावं लागतं. त्याच्या बुंध्यावर गळलेल्या पानांचे लंबगोल, नाण्यासारखे वण असतात. डिक्सोनियाचा बुंधा तंतुमय आणि मऊ, देठांच्या बुडाशी तपकिरी लव. तो वर्षाला ३ ते ५ सेंटिमीटरच वाढतो, तेव्हा मीटरभर बुंधा घेऊन त्यातला अर्धा पुरू नये. उभा राहण्यापुरताच पुरावा आणि पहिल्या उन्हाळ्यात बुंधा व शेंडा रोज भिजवावा. मुळं बुंध्यातच असतात. व्हिक्टोरिया आणि टास्मानियात रानातून काढलेल्या बुंध्यावर सरकारी टॅग लागतो. तो नसेल तर घेऊ नये.

खऱ्या ओल्या सावलीत डिक्सोनियाच्या पायाशी व्हायोला हेडेरेसिया पसरू द्यावी, बाजूला अ‍ॅस्प्लेनियम ऑस्ट्रेलेसिकम हा नेचा लावावा. सिडनी-ब्रिस्बेनकडे अल्पिनिया सेरुलिया सुंदर येतं. ते आपल्या कोळिंजनाच्याच कुळातलं.

बाकीच्या चुका

कोंबडखताच्या गोळ्या आणि सुपरफॉस्फेट बँक्सिया, वाराटा, ग्रेव्हिलिया यांना घालू नये. यांची मुळं फार कमी फॉस्फरसच्या मातीसाठी घडलेली असतात. जास्त झाला की नवी पानं पिवळी पडतात, जुन्या पानांच्या कडा करपतात. खताच्या पिशवीवर फॉस्फरस ३ टक्क्यांच्या आत असावा, कमी तितका बरा.

कांगारू पॉ सावलीत लावू नये. पानांवर काळे डाग पडतात आणि फूल येत नाही.

पिट्टोस्पोरम उंड्युलेटम सावलीत झपाट्याने वाढतं, म्हणून लोक ते मेलबर्नमध्ये लावतात. पूर्व गिप्सलँडमध्ये ते मूळचं, पण मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या डोंगरांत पक्षी त्याचं बी पसरवतात आणि तिथे ते तणच ठरलं आहे. ऑस्ट्रेलियाचं म्हणजे आपल्या भागातलं असं नसतं.

आणि सावलीत हिरवळच हवी असेल तर किकुयू-कूच ही उन्हातली गवतं पुन्हा पुन्हा अंथरणं थांबवावं. मायक्रोलीना स्टिपॉइडिस या इथल्या गवताचं बी इथल्या शरद ऋतूत, म्हणजे मार्च ते मे या काळात, पेरावं, उगवेपर्यंत ओल ठेवावी आणि कापताना ५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये.