घरातील हवा सुधारायची असेल तर आधी एक्झॉस्ट फॅनकडे बघा

घरातील हवा बिघडली आहे की नाही, हे घरात बसून कळत नाही, कारण सततच्या वासाची नाकाला काही मिनिटांतच सवय होते. म्हणून पारख बाहेरून आल्यावर, दार उघडताक्षणी करावी. त्या वेळी कालच्या फोडणीचा, कुबट कपड्यांचा किंवा नव्या प्लायवुडचा वास आला, तर हवा कोंडली आहे असे खुशाल समजावे. पंख्याच्या पात्यांवरील धूळ बोटाला चिकट लागत असेल, तर तेलाचे कण घरभर फिरत आहेत. मोजयंत्र घ्यायचेच असेल, तर पीएम २.५ (हवेतील २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण) आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन्ही दाखवणारे घ्यावे; मात्र अनेक स्वस्त यंत्रे कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात, त्यामुळे आत एनडीआयआर (अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजणारा) संवेदक असल्याची खात्री करून घ्यावी. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. बंद शयनगृहात रात्रभर तो १,००० च्या वर राहत असेल, तर त्या खोलीत ताजी हवा पुरेशी येत नाही.

त्यानंतर घरातला धूर थांबवावा. एक मच्छर कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण सोडते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. तेव्हा कॉइल सोडून खिडक्यांना जाळी बसवावी.

आता स्वयंपाकघर. याच टप्प्यावर मी सर्वाधिक काळ अडखळलो, आणि याच टप्प्यावर सर्वाधिक चुकीचे सल्ले मिळतात. ‘मोठा फॅन लावा’, ‘जास्त सक्शनची चिमणी घ्या’ असे सांगणारे एक साधी गोष्ट विसरतात: जितकी हवा बाहेर जाते तितकीच कुठून तरी आत यावी लागते. स्लायडिंग खिडक्या घट्ट लावलेल्या फ्लॅटमध्ये फॅन नुसता घोंगावतो आणि मिरचीचा ठसका थेट शयनगृहापर्यंत पोहोचतो. खिडक्या बंद असल्या की फॅन हवा ओढतो ती बाथरूमच्या झडपांमधून, म्हणजे इमारतीच्या डक्टमधून. दिवाणखान्यात शेजाऱ्यांच्या संडासाचा वास येण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. याउलट फॅनच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली, तर हवा तिथून आत येऊन तिथूनच बाहेर जाते आणि ओट्यावरचा धूर जागच्या जागी राहतो.

म्हणून फॅनजवळची खिडकी बंद करावी, बाथरूमची दारे लावून घ्यावीत आणि घराच्या दुसऱ्या टोकाची, शक्यतो दिवाणखान्याची खिडकी वीतभर उघडावी. मग पेटती उदबत्ती स्वयंपाकघराच्या दारात एकदा चौकटीच्या वरच्या बाजूला आणि एकदा गुडघ्याच्या उंचीवर धरावी. दोन्ही ठिकाणी धूर स्वयंपाकघराकडे झुकला, तर मांडणी बरोबर आहे. वरच्या बाजूने धूर दिवाणखान्याकडे वळत असेल, तर गरम हवा निसटत आहे, म्हणून दिवाणखान्याची खिडकी आणखी उघडावी. फॅन गॅस पेटवण्याआधी सुरू करावा आणि शेवटचे तळण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, कारण धूर दिसेनासा झाला तरी कण हवेत असतात.

चिमणीचा पाइप कुठे उघडतो, हे स्वतः जाऊन पाहावे. तो ड्राय बाल्कनीतच संपत असेल, तर तोच धूर मागच्या दाराने परत आत येतो. पाइप नसलेली, हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती तेल अडवते, पण ज्वलनातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ घरातच राहते. आणि एक गंभीर इशारा: बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि घर बंद ठेवून जोरदार एक्झॉस्ट चालवला, तर गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. असा गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत हलवावा. त्याला दुसरा पर्याय शोधत बसू नये.

ओल असेल तर आधी गळती काढावी, रंग नंतर. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे.

हिवाळ्यात मुंबई-पुण्यात पहाटे ‘ताज्या हवेसाठी’ खिडक्या उघडण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या वेळी थंड हवा जमिनीलगत साचलेली असते आणि तिच्यात धूळ व धूर अडकलेले असतात; दुपारी उन्हाने हवा वर उचलली गेली की खिडक्या उघडाव्यात. कुंड्यांच्या भरवशावर राहू नये. झाडे हवा शुद्ध करतात याचा पुरावा म्हणून नासाचा १९८९ चा जो प्रयोग सतत सांगितला जातो, तो हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता, दारे-खिडक्या असलेल्या घरात नव्हे.

एवढे करूनही पीएम २.५ चा आकडा उतरत नसेल, तरच प्युरिफायर घ्यावा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी यासाठी सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते तो आकडा, किमान १७० घनमीटर प्रतितास लागतो. हा आकडा खोक्यावर छापलेला नसेल, तर ते यंत्र दुकानातच राहू द्यावे.