अनोळखी डोंगरी नदीचा जुना फोटो: जागा कशी शोधावी

नागपूरकराला नदी म्हटले की कन्हानचे रुंद वाळूचे पात्र आठवते. त्यामुळे घरच्या अल्बममध्ये ओसाड डोंगरांतून वाहणाऱ्या नदीचा फोटो निघाला आणि त्यामागे ‘काश्मीर, १९८४’ एवढेच लिहिलेले असले, तर शोध कुठून सुरू करावा हे सुचत नाही. मोबाइलच्या मूळ फोटोत अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. कागदी फोटोच्या बाबतीत सारी भिस्त डोळ्यांवरच असते.

आधी फोटो उलटा छापला गेलेला नाही ना, हे पाहावे, कारण निगेटिव्ह पालथी पडली की डावे-उजवे बदलते आणि पुढचा सगळा शोध फसतो. पुरुषाच्या शर्टाची काजे त्याच्या डाव्या पट्टीवर असतात. आपल्याकडच्या बायकांचा पदरही डाव्या खांद्यावर असतो (गुजराती पद्धतीचा पदर मात्र चकवतो).

मग प्रवाहाची दिशा ठरवावी. खडकाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून फुगते आणि खालच्या अंगाला फेसाळते. पाण्याच्या रंगावर मात्र फार विसंबू नये: उन्हाळ्यात हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठीमुळे दुधाळ, करडी दिसणारी नदी हिवाळ्याच्या तोंडावर निवळते, म्हणून रंगावरून जागेपेक्षा ऋतूच अधिक कळतो.

सावलीवरून उत्तर-दक्षिण ठरवताना नागपूरची सवय बाजूला ठेवावी. २६ मेच्या सुमारास येथे भर दुपारी सावली नाहीशी होते आणि नंतर काही आठवडे ती किंचित दक्षिणेकडे पडते. हिमालय कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे माध्यान्हीची सावली वर्षभर उत्तरेकडेच असते. फोटोची वेळ ठाऊक नसेल तर बर्फाचे उरलेले पट्टे पाहावेत, कारण ते बहुधा उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर जास्त काळ टिकतात.

उतारांवर देवदार दिसला तर पश्चिम हिमालयाची पावसाळी बाजू धरावी. उतार उघडे, तपकिरी आणि झाडे फक्त पाण्याकाठी, वाळुंज आणि पॉप्लर एवढीच असतील, तर लडाख किंवा स्पिती. लडाख २०१९ पर्यंत जम्मू-काश्मीर राज्यातच होता, त्यामुळे १९८४ मध्ये कोणी मागे ‘काश्मीर’ लिहिले असेल तर त्यात चूक नव्हती.

फोटोत दोन नद्यांचा संगम असेल तर काम खूपच सोपे होते. उदाहरणार्थ, लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवर निमूजवळ झंस्कार दक्षिणेकडून येऊन सिंधूला मिळते, आणि श्रीनगर-लेह रस्ता संगमाच्या उत्तरेकडच्या उंचवट्यावरून जातो. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत झंस्कारची घळ समोर, सिंधू डावीकडून येऊन उजवीकडे जाणारी, आणि सकाळचे ऊनही डावीकडूनच, असे दिसायला हवे. सिंधू उजवीकडून येताना दिसली तर जागा चुकली असेल किंवा फोटो उलटा असेल.

शेवटी गूगल अर्थमध्ये उंचीची अतिशयोक्ती (डोंगर किती पट उंच दाखवायचे ते) १ ठेवून नजर माणसाच्या उंचीपर्यंत खाली आणावी आणि डोंगरमाथ्याची रेषा फोटोशी ताडून पाहावी. एकच शिखर जुळले म्हणून थांबू नये. जवळचा आणि दूरचा असे दोन माथे एकमेकांना फोटोतल्याच ठिकाणी छेदतील, तेव्हाच छायाचित्रकार उभा होता तो बिंदू सापडतो. अक्षांश-रेखांश फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, जुन्या मजकुराला हात न लावता, त्याच्या खाली लिहावेत.