अँब्युलन्समधलं औषध आणि घरच्यांची घाई: या चुका टाळा

लालबागची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकांच्या छातीत कळ आली म्हणून शेजाऱ्यांनी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्याची गोळी ठेवली आणि 108 ची गाडी गल्लीत शिरेपर्यंत चौघांनी धरून त्यांना जिन्याने चालवायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावर काका कोसळले. घरात रडारड सुरू झाली. झालं होतं एवढंच, की या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, बीपी लो होतं आणि उभ्या माणसाच्या मेंदूला रक्त कमी पडतं. आडवं करून पाय वर घेतल्यावर काका बोलायला लागले.

गाडीवर काम करताना ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. सॉर्बिट्रेट बसूनच घ्यायची. त्यानंतर पेशंटला पायांनी जिना उतरवायचा नाही. खुर्चीत बसवून खाली आणायचं. घरातली मजबूत खुर्ची आणि धट्टीकट्टी माणसं असली तरी काम भागतं. बीपीचा वरचा आकडा 90 च्या खाली असेल तर ही गोळी नकोच. डोकं ठणकणं, चेहरा गरम होणं मात्र अपेक्षित आहे, त्याला घाबरू नका.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळी लपवतात: व्हायग्रासारख्या लैंगिक ताकदीच्या गोळ्या. त्यातली सिल्डेनाफिल घेतल्यावर 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर 48 तास सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी जीवघेणं खाली येऊ शकतं. शेजारी सूनबाई उभ्या असताना कोण खरं सांगणार? म्हणून आम्ही सगळ्यांना बाहेर पाठवून विचारतो. तेव्हा रागावू नका.

तोंड वाकडं झालं की अ‍ॅस्पिरिन

हार्ट अटॅकला 300 मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पिरिन चावून खायला देतात, हे आता बऱ्याच घरांत माहीत झालंय. पण तीच गोळी लकव्यालाही दिली जाते, आणि तिथे गोची होते. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिनने तो वाढू शकतो. शिवाय गिळताना गोळी घशात अडकण्याची भीती. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिनने दम्याचा अटॅकही येतो.

शुद्धीवर आल्या, आता गाडी परत पाठवा

श्रावणातले सोमवार आमच्या कामाचे. आजींचा उपास असतो, पण ग्लिमेपिराइड ही मधुमेहातली शुगर कमी करणारी गोळी सकाळी नेमाने घेतलेली असते. दुपारी घाम, बडबड, मग बेशुद्धी. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, दिलं की काही मिनिटांत आजी डोळे उघडून चहा मागतात. घरच्यांना हा चमत्कारच वाटतो, आणि मुलगा म्हणतो, ‘आता कशाला हॉस्पिटल?’

ग्लिमेपिराइडचा असर जवळजवळ दिवसभर टिकतो. दिलेली साखर मात्र लवकर संपते. रात्री सगळे झोपलेले असताना शुगर पुन्हा उतरते. त्यामुळे सही करून गाडी परत पाठवू नका. सलाइनच्या जागी आग होत असेल, सूज दिसत असेल तर लगेच सांगा, कारण हे डेक्स्ट्रोज शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस खराब होतं.

कोलंबी खाऊन अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, तेव्हाही असंच घडतं. मांडीत अ‍ॅड्रेनालिन दिल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, माणूस पांढराफटक पडतो. घरचे म्हणतात, इंजेक्शन बाधलं. नाही, ते असंच वागतं. भीती वेगळीच आहे: त्याचा असर ओसरल्यावर काही तासांनी रिअॅक्शन परत येऊ शकते. म्हणून हॉस्पिटलात थांबायचं. ‘अ‍ॅव्हिल दिलंय, झोपू दे’ हा सल्ला धोक्याचा. ते अ‍ॅलर्जीवरचं औषध खरं, पण अ‍ॅव्हिलने झोप येते, आवळलेला घसा मोकळा होत नाही.

दम्याच्या वाफेनंतरची थरथर मात्र बहुतेकदा आपोआप थांबते.

मान वळली म्हणजे बाहेरची बाधा नाही

उलट्यांसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलेल्या एका कॉलेजच्या मुलीची मान काही तासांनी एका बाजूला ओढली गेली, डोळे वर गेले, जबडा आवळला. आजीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मावशीने अंगारा लावला. या औषधाचा हा ठरलेला दुष्परिणाम आहे, तरुणांमध्ये जास्त दिसणारा. मुलगी शुद्धीत असते, सगळं ऐकत असते आणि भयंकर घाबरलेली असते. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने तिची मान थोड्याच वेळात सरळ झाली.

तिला आधी काय दिलंय, हे शोधण्यातच आमचा जास्त वेळ गेला. दवाखान्यातून निघताना इंजेक्शनच्या बाटलीचा मोबाइलवर फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. असा दुष्परिणाम 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री नंबरवर पेशंटही कळवू शकतो. त्या मुलीच्या आईने औषधाचं नाव तिच्या फाइलवर लाल शाईने लिहून घेतलंय.