यूकेत नवीन आलात? मग त्या 'एस'चं जरा बघा

बँक अकाउंट, भाड्याचं घर, जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवणं, हे सांगणारे पुष्कळ जण भेटतील, मी आपलं वेगळंच सांगते. आपल्या लोकांचं इंग्लिश तसं चांगलं असतं, पण शेवटचा एस एकतर गळतो नाहीतर नको तिथे चिकटतो, आणि सीव्हीमध्ये ते लगेच डोळ्यात येतं.

गळतो कारण मराठीत आपण दोन शर्ट, चार पेन, तीन बस असंच म्हणतो, मग तोंडात टू शर्ट, थ्री बस बसलेलं असतं. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'वन ऑफ माय फ्रेंड'. अहो, अनेक मित्रांपैकी एक ना, मग फ्रेंड्सच हवं. आणि लगेज, फर्निचर, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन यांना मात्र एस लावायचाच नाही, दहा बॅगा असल्या तरी लगेजच, मोजायचंच असेल तर टू पीसेस ऑफ लगेज म्हणा. चिल्ड्रन हे आधीच अनेकवचन आहे, त्याला आणखी एस लावला की अर्थ मुलांचं असा होतो, चिल्ड्रन्स वॉर्डमध्ये असतो तसा, आणि तिथे एसच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी येते, म्हणजे अक्षराच्या वरच्या बाजूला काढतात ती स्वल्पविरामासारखी खूण.

तर ही ॲपॉस्ट्रॉफी. मालक एक असेल तर एसच्या आधी, अनेक असतील आणि अनेकवचन एसने संपत असेल तर एसच्या नंतर (चिल्ड्रनसारखं एस नसलेलं असेल तर आधीच), आणि नुसतंच अनेकवचन असेल तर अजिबात नाही. नोकरी सोडताना हे लागतंच बघा, वन मन्थ्स नोटीस लिहिताना ती एसच्या आधी, टू मन्थ्स नोटीसला एसच्या नंतर. सीव्हीत फाइव्ह इयर्स एक्सपीरियन्स लिहिता तिथेही एसनंतरच. शेजाऱ्यांना ख्रिसमस कार्ड देताना खाली 'द पाटील्स' लिहाल तर ॲपॉस्ट्रॉफी नको, तुम्ही फक्त अनेक पाटील आहात, कशाचे मालक नाही. व्यास, दास मंडळींना इएस लावावा लागतो, द व्यासेस. आणि 'त्याचं' अशा अर्थाच्या इट्सला ॲपॉस्ट्रॉफी नसते, इट इजचं आखूड रूप असेल तरच असते, यात इथलेच लोक सर्रास चुकतात.

पाट्या बघून मात्र शिकू नका, खरंच. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, अर्ल्स कोर्ट स्टेशनला ॲपॉस्ट्रॉफी आहे आणि पिकॅडिली लाइनवर पश्चिमेकडे पुढचंच स्टेशन बॅरन्स कोर्ट, त्याला नाही! दुकानांचंही तसंच, सेन्सबरीज या सुपरमार्केटला आहे, हॅरड्सला नाही, वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानवाल्यांनी २०१२ मध्ये काढून टाकली, बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरच नको म्हणून ठरवलं. भाजीवाले तर टोमॅटोच्या अनेकवचनालाही लावतात, त्या चुकीला इंग्लिशमध्ये ग्रीनग्रोसरचंच नाव पडलंय. ही नावं जशी आहेत तशी लिहायची, नियम शोधत बसायचं नाही.

बोलण्यात अजून एक गंमत. टेस्को या सुपरमार्केटच्या नावात शेवटी एस नाहीच, तरी लोक टेस्कोज म्हणतात. ऑफिसात कोणी म्हणालं 'आय वॉज ॲट माय मम्स' तर मम्सचं काय म्हणून वाट बघू नका, पुढचा घर हा शब्द गाळलेला असतो. ॲट द डेंटिस्ट्स, ॲट द केमिस्ट्स तसंच, दवाखाना नाहीतर दुकान आपणच समजून घ्यायचं.