दगडाला चिकटलेला चिंबोरीचा नातेवाईक

यंदा प्राणीशास्त्र घेऊन एफवायबीएस्सीला बसलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझं पहिलं वर्ष मुंबईत पाठांतरात गेलं. रंध्रीय, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी ही संघांची, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटांची, रांग मला घडाघडा म्हणता यायची. प्रॅक्टिकल परीक्षेत स्पॉटिंगला, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखायला, बार्नॅकल आलं, समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारा छोटा जीव. चुन्याचं पांढरं कवच पाहिलं आणि मी ‘मृदुकाय’, म्हणजे शंख-शिंपल्यांचा संघ, लिहिलं. ते संधिपाद निघालं, कोळंबी-चिंबोरीच्या गोतातलं. गुण गेल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं, पण कवच बघून मी फसले ते का, हा प्रश्न सुटेना.

मग वाचताना कळलं की लिनिअस आणि क्युव्हिए या प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या जुन्या शास्त्रज्ञांनीही बार्नॅकलला शंख-शिंपल्यांच्याच पंगतीत बसवलं होतं. 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याच्या पोहणाऱ्या अळ्या पाहिल्या, त्या कवचधारी संधिपादांच्या होत्या. अळी खडकाला डोक्याकडून चिकटते, भोवती कवच रचते आणि उरलेला जन्म पायांनी अन्न ओढत काढते. डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या एका गटावर घालवली. म्हणून सांगते, प्राणी ओळखताना त्याचं बालपण विचारा.

माझी खरी शिकवणी मात्र मासळी बाजारात झाली.

“मावशी, माकूल साफ करताना आतली काडी टाकू नका, मला द्या.”

“काय करनार गो पोरी तिचा?”

ती पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी काडी म्हणजे माकलाच्या (स्क्विडच्या) पूर्वजांच्या कवचाचा आत दडलेला अवशेष. शेजारच्या वाट्यात तिसऱ्या (शिंपले) होत्या. दोघंही मृदुकाय, शरीररचना मुळात एकच: मऊ अंग, त्यावर प्रावार म्हणजे कवच घडवणारं आवरण, खाली स्नायूंचा पाय. तिसरीत प्रावाराने दोन शिंपा घडवल्या, पाय वाळूत रुतायला वापरला. माकलात त्याच पायाच्या जागी भुजा आल्या. हे पुस्तकातल्या आकृतीवरून मला कधीच पटलं नसतं. मुशी (छोटा शार्क) आणि बांगडा शेजारी ठेवून कापून बघा, मुशीची लवचीक कूर्चा आणि बांगड्याचं हाड यांतला फरक सुरीलाच कळतो.

प्राणी समोर आला की नाव आठवू नका, प्रश्न विचारा. भ्रूणात पेशींचे थर दोन की तीन? सममिती अरीय (चाकासारखी, मध्याभोवती) की द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी)? देहगुहा, म्हणजे आतडं आणि शरीराची भिंत यांमधली पोकळी, आहे का? भ्रूणातल्या पहिल्या छिद्राचं पुढे काय होतं, तोंड की गुदद्वार? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण तारामाशात आणि आपल्यात त्याचं गुदद्वार होतं, त्यामुळेच तो गोगलगायीपेक्षा आपल्या जवळचा ठरतो. त्याचे पाच हात बघून तो अरीय वाटतो, पण अळी द्विपार्श्व असते.

एक गोष्ट मला उशिरा समजली. देहगुहा नसलेले, मग आभासी देहगुहेचे, मग खऱ्या देहगुहेचे, ही पाठ्यपुस्तकातली मांडणी उत्क्रांतीची शिडी नाही. 1997 मध्ये डीएनएच्या अभ्यासातून गोलकृमी आणि संधिपाद हे कात टाकणारे प्राणी एका मोठ्या गटात आले, आणि गांडुळासारखे वलयी कृमी, ज्यांना आपण खंडांमुळे संधिपादांचे सख्खे समजत होतो, ते मृदुकायांच्या बाजूला गेले. परीक्षेत अभ्यासक्रमाचं लिहा, पण ‘खालचा’ आणि ‘वरचा’ प्राणी हे शब्द डोक्यातून काढा. डोक्यापासून शेपटीपर्यंत काय कुठे यायचं हे ठरवणारी हॉक्स जनुकं फळमाशीत आणि आपल्यात एकाच घराण्यातली आहेत. फळमाशीच्या भ्रूणाची घडण उलगडणाऱ्या तिघांना 1995 चं नोबेल मिळालं.

आता किनारा. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की परता. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. एकट्याने जाऊ नका. पावसाळ्यात खडकांवर उतरू नका. जुहूच्या वाळूवर त्या दिवसांत निळे फुगे वाहून येतात, त्यांना हात लावू नका, मेलेलेही डंख करतात. जेलीफिशसारखा दिसणारा तो एक जीव म्हणजे एकमेकांना जोडलेल्या, कामं वाटून घेतलेल्या अनेक जीवांची वसाहत आहे. दगड उलटून पाहिलात तर होता तसाच परत ठेवा, खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात मरतात. काही सोबत आणू नका. वही न्या, आणि पहिलं चित्र बार्नॅकलचं काढा. पाण्याखाली असताना त्याचे पाय बाहेर येऊन पाणी विंचरतात, ते मोजता येतात का बघा.