मॅग्नेट तोलू नका, आधी कागद मागा

मी पहिल्यांदा स्पीकर बांधायला घेतले तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे कोन आणि मॅग्नेटचा आवाज काढणारा सुटा भाग, आधी आणले आणि खोक्याचा विचार नंतर केला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात गाडीत बसवायची साडेसहा इंची जोडी मिळाली. "काका, मॅग्नेट बघा केवढा आहे!" दुकानदार म्हणाला. मी हातात तोलून पाहिला आणि पैसे मोजले. घरी १२ लिटरची दोन बंद खोकी करून त्यात ते बसवले. तबल्याची रेकॉर्ड लावली तर डग्ग्याची प्रत्येक थाप सारखीच, नुसती 'धम्'. मनगट दाबून काढलेली घुमक कुठे ऐकूच येईना.

पुढे त्याच ड्रायव्हरची मोजणी केली तेव्हा कारण कळलं. क्यूटीएस, म्हणजे कोनाचं हलणं किती आटोक्यात राहतं त्याचा आकडा, ०.७ होता. व्हीएएस, म्हणजे कोनाच्या लवचीकपणाइतकीच लवचीक असणारी हवा, २० लिटर. ही नावं ऐकून बिचकू नका, ड्रायव्हरच्या कागदावर, म्हणजे डेटाशीटवर, हे आकडे दिलेले असतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये या आकड्यांवरून खोकं ठरवण्याची रीत मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ती पुढे नेली. बंद खोक्याचं गणित तर शाळेतलं आहे. व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसने गुणा. माझ्या बाबतीत २० भागिले १२ म्हणजे १.६७. त्यात १ मिळवून वर्गमूळ १.६३, आणि ०.७ ने गुणल्यावर १.१४. हा आकडा ०.७ च्या आसपास असला की बास सपाट आणि आटोपशीर राहतो. १.१४ ला तिथे सुमारे २ डेसिबलचा फुगवटा येतो. गाडीचे ड्रायव्हर दाराच्या मोठ्या पोकळीत वाजायचे असतात, छोट्या खोक्यात कोंडले की ते असेच घुमतात. ड्रायव्हरमध्ये खोट नव्हती, मी त्याला चुकीच्या घरात बसवला होता.

आता क्यूटीएस ०.४, व्हीएएस ३० लिटर आणि एफएस, म्हणजे मोकळ्या ड्रायव्हरचा अनुनाद, ४० हर्ट्झ असलेला वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा ड्रायव्हर, घ्या. उत्तर ०.७ धरून हेच गणित उलटं केलं तर १४ लिटरचं खोकं निघतं, म्हणजे पुस्तकांच्या शेल्फवर मावेल असं. खोक्यात बसल्यावर त्याचा अनुनाद ७१ हर्ट्झवर जातो. त्याखाली आवाज उतरत जातो, पण दहा बाय बाराच्या खोलीत भिंती थोडी मदत करतात. पोर्ट, म्हणजे खोक्याला हवेचं भोक, काढायचा असेल तर एफएसला क्यूईएसने (क्यूटीएसचा विजेच्या बाजूचा भाग, तोही कागदावर असतो) भागून पाहा. ५० च्या आसपास आलं तर खोकं बंदच ठेवा, १०० च्या जवळ आलं तर पोर्ट शोभेल.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वूफर आणि वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरच्या जोडीला. बहुतेक लोक दोन्ही वेगवेगळे निवडतात, आणि तिथेच घात होतो. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंटीमीटरचा असतो. ध्वनीची तरंगलांबी तेवढी होते २६५० हर्ट्झच्या सुमारास. त्यापुढे वूफरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो, बाजूला बसलेल्याला मंद ऐकू येतो. म्हणून ट्वीटरने २००० ते २५०० हर्ट्झलाच सूत्रं हाती घ्यायला हवीत, आणि ते झेपायचं तर त्याचा स्वतःचा एफएस या आकड्याच्या निम्म्यावर, १००० किंवा खाली, हवा. स्वस्त ट्वीटरचा १८०० असला तर तुम्हाला ३५०० वर जोडावं लागतं आणि मध्ये भोक पडतं. मी हे तानपुऱ्यावर तपासतो. तानपुरा लावून खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. जवारीची झिणझिण चालताना मध्येच विझली, तर जोडी जमलेली नाही.

संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर ड्रायव्हर किती मोठ्याने वाजतो ते, बघताना ट्वीटर वूफरपेक्षा ३–४ डेसिबल वरचढ घ्या. ट्वीटर रेझिस्टर लावून खाली आणता येतो, वूफर वर नेता येत नाही. शिवाय खोक्याच्या रुंदीमुळे खालचे स्वर खोलीत पसरून आणखी दबतात. एक सापळा सांगतो: ४ ओमच्या ड्रायव्हरचा आकडा २.८३ व्होल्टला दिला असेल तर तो १ वॉटचा नसून २ वॉटचा असतो, त्यातून ३ डेसिबल वजा करा.

कोन कागदाचा की धातूचा, यावर मी वाद घालत नाही. पहिल्या जोडीला कागदच घ्या. धातूचा कोन वरच्या पट्टीत ठणकतो आणि तो ठणका दाबायला क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणारं सर्किट, अवघड होतो. कागदी कोनाचा आवाज वरच्या पट्टीत हळूहळू बिघडत जातो, कानाला बोचत नाही.

दुकानात जाताना मल्टिमीटर आणि १.५ व्होल्टचा सेल न्या. ८ ओमच्या वूफरचा डीसी रोध साडेपाच ते सातच्या दरम्यान दिसला पाहिजे. दोन्ही अंगठे आणि बोटं कोनावर सारखी टेकवून हळूच आत दाबा आणि कान जवळ न्या. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय, तो परत ठेवा. मग सेलचं प्लस प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. जोडीतल्या दोन्हींवर हे करा, कारण एक उलटा निघाला तर बास एकमेकांना खाऊन टाकतो. ट्वीटरला मात्र सेल लावू नका.